‘कुणी विचारलं तर डेहराडूनची सांग’

विटा परिसरातल्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असा मजकूर वगळून मुख्य भाग देते.

“ताई, माझं माहेर नेपाळमधलं बुटवल. सासरच्यांचा गलाईचा, म्हणजे सोनं गाळायचा धंदा. बुटवलच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. तिथंच यांची-माझी ओळख झाली, अकरा वर्षांपूर्वी लग्न झालं. सहा वर्षांपूर्वी मामंजी गेले, तेव्हा दुकान धाकट्या दिरांकडं देऊन आम्ही गावी आलो. द्राक्षबाग आहे, दोन मुलं आहेत. मराठी आता बऱ्यापैकी येतं, तुमचं सदर मी स्वतः वाचते. आता पंचायत समितीला आमच्या गणातून हे उभे राहणार आहेत. तिकीट जवळपास नक्की आहे आणि तेव्हापासून घरातलं वातावरण बदललंय. आत्याबाई म्हणाल्या, कुणी विचारलं तर डेहराडूनची सांग, खपून जाईल. एक कार्यकर्ता म्हणाला, वहिनींचं नाव मतदार यादीत घालून टाकू, आधार आहेच. दुसरा म्हणाला, वहिनींना प्रचारात आणूच नका, विरोधक ‘परदेशी बाई’ म्हणून फ्लेक्स लावतील, सोनिया गांधींचं काय झालं बघितलं ना. हे ऐकतात आणि गप्प बसतात. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता गावाचं नावही बदलायचं म्हणतात. आईचा फोन आला की मी गोठ्यामागं जाऊन बोलते. ताई, मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या परदेशी बायका कशा राहिल्या असतील? त्यांनीही असं लपवलं असेल का? मी काय करू?”

वयानं तू माझ्या धाकट्या लेकीएवढी, म्हणून अगं-तुगं करते. पत्राखाली तू तुझी दोन्ही नावं लिहिली आहेस, आधी माहेरचं आणि कंसात सासरचं. ती मी छापत नाही, पण वाचली आहेत. माहेरचं नाव आधी लिहिलंस, तेही पाहिलं.

डेहराडूनची सांगू नकोस. हे उत्तर आधीच देऊन टाकते, कारण निवडणुकीच्या गडबडीत तुला पूर्ण लेख वाचायला वेळ मिळेल की नाही, सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ‘बुटवलची’ म्हण. कुणी विचारलं नाही तरी बोलण्याच्या ओघात म्हण. आता असं का म्हणते ते सांगते, आणि तू विचारलेल्या मोठ्या घरच्या बायकांबद्दलही सांगते.

पण आधी माझं थोडं. माझं माहेर अथणी. सांगलीहून फार तर दोन तासांचा प्रवास, पण मधे राज्याची हद्द आणि भाषेची हद्द. 1978 साली लग्न होऊन या घरी आले तेव्हा माझ्या मराठीत शब्दांचं लिंग चुकायचं. ‘तो पुस्तक’, ‘ती दार’ असं काहीतरी तोंडून जायचं आणि माजघरात हशा पिकायचा. मला ‘कानडीण’ म्हणायचे. कुणी दुष्टपणानं म्हणत नव्हतं, पण मला लागायचं. मग मी एक ठरवलं, या घरात कन्नड बोलायचंच नाही. आई आली की तिलाही मराठीत बोलायला लावायचे. तिला जमायचं नाही, ती गप्प बसायची. वीसेक वर्षं हे असंच चाललं. शेवटच्या आजारात आई मिरजेच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. ताप चढत गेला तसं तिचं मोडकंतोडकं मराठी पुसून गेलं, राहिलं फक्त कन्नड. माझी मुलं आळीपाळीनं तिच्या उशाशी बसायची. ती ‘नीरु’ म्हणायची आणि त्यांना कळायचं नाही की आजी पाणी मागतेय. मी डबा घेऊन पोचले तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते. मुलांचा काहीच दोष नव्हता. तो शब्द मी त्यांना दिलाच नव्हता.

म्हणून तुझ्या पत्रातल्या गोठ्यामागच्या फोनपाशी मी फार वेळ थांबले.

आता सोनिया गांधींबद्दल, कारण तुझ्या घरात त्यांच्याच नावानं भीती घातली जातेय. राजकारण बाजूला ठेवून नुसतं आयुष्य पाहू. जन्म 9 डिसेंबर 1946, उत्तर इटलीतल्या लुसियाना गावी. 1965 मध्ये केंब्रिजला शिकताना राजीव गांधींची भेट, 25 फेब्रुवारी 1968 ला दिल्लीत लग्न. नवरा तेव्हा पुढारी नव्हता, पुढं इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाला. भारतीय नागरिकत्व त्यांनी 1983 मध्ये घेतलं. 1984 मध्ये सासूबाईंची हत्या झाली, 1991 मध्ये श्रीपेरुंबुदूरला नवऱ्याची. 1998 मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि पुढच्याच वर्षी शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी त्यांच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला, त्या तिघांना पक्षाबाहेर पडावं लागलं आणि राष्ट्रवादी काँग्रेस निघाली. 1999 चं ते वर्ष आपल्या सातारा-सांगलीत ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या घरात दोन भाऊ दोन पक्षांत गेले, चहाला एकत्र बसायचे नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही पक्षांनी मुंबईत मिळून सरकार केलं आणि दोन्ही भाऊ पुन्हा एका ताटात जेवायला लागले.

देशाच्या सर्वोच्च पदावर इथंच जन्मलेला माणूस असावा असं कुणाला वाटलं तर तो गुन्हा नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला तसा नियम आहे. तुमच्या नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतही पंतप्रधानपद वंशजाधारे नागरिक असणाऱ्यालाच मिळतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आपल्या घटनेनं तशी अट घातलेली नाही. एकदा नागरिक झालं की नागरिक, मग जन्म कुठलाही असो. हा वाद शहाण्या माणसांनी शांतपणे करण्यासारखा आहे. पण त्या वर्षी पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात मी जे ऐकलं ते वेगळंच होतं. ‘इटली’ हा शब्द लोक शिवीसारखा उच्चारायचे. मला सारखं वाटायचं, ते कुणाचं तरी माहेर आहे. तिथं तिची आई अजून आहे, चूल आहे, अंगण आहे. पदाबद्दल काय बोलायचं ते बोला, पण बाईच्या माहेराला शिवी कशाला?

पुढाऱ्याच्या परदेशी बायकोचं खरं दुखणं मला इथंच दिसतं. बाकीच्या बायकांना दमल्यावर माहेर असतं. हिचं माहेर म्हणजे विरोधकाच्या हातातलं कागदपत्र.

आता नावाबद्दल. तुझ्याशी सगळ्यात जवळची गोष्ट उषा नारायणन यांची आहे, आणि आपल्याकडं ती फारशी कुणाला माहीत नाही. भारताच्या राष्ट्रपतींच्या पत्नी, 1997 ते 2002 या काळात राष्ट्रपती भवनात राहिलेल्या. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातल्या यामेथिनचा आणि जन्मनाव टिंट टिंट. के. आर. नारायणन तरुणपणी रंगूनच्या वकिलातीत होते, तिथं दोघांची ओळख झाली. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला परदेशी मुलीशी लग्न करायची मुभा नव्हती, त्यासाठी पंतप्रधान नेहरूंची खास परवानगी घ्यावी लागली. जून 1951 मध्ये दिल्लीत लग्न झालं. टिंट टिंटची उषा झाली, भारतीय झाली, दिल्लीत समाजकार्याचं शिक्षण घेतलं, नवऱ्याच्या नोकरीमागं देशोदेशी फिरली. चेहऱ्यावरून त्यांना ईशान्येकडच्या म्हणून सहज खपवता आलं असतं, जसं तुला डेहराडूनची म्हणून खपवायचं चाललंय. त्यांनी तसं केलं नाही. ब्रह्मी लेखकाच्या कथा त्यांनी इंग्रजीत आणल्या, स्वतःच्या नावानं छापल्या. नाव सासरचं घेतलं आणि त्या नावाखाली माहेरची भाषा ठेवली. मला ही तोड फार आवडते. तांदळावर लिहिलेलं नाव तू आनंदानं घेतलंस ना? मग ते टाकायची काहीच गरज नाही. ते तुझं आहे. पण त्या नावाच्या बदल्यात बुटवल देऊन टाकायचं, असा व्यवहार त्या तांदळाच्या ताटात ठरलेला नव्हता.

दुसरी बाई नेली सेनगुप्ता. केंब्रिजच्या एका साध्या घरातली मुलगी, जन्म 1886 चा. चितगावचे जतींद्रमोहन सेनगुप्ता तिथं कायद्याचं शिक्षण घेत होते, नेलीच्या आई-वडिलांकडंच राहायला होते. 1909 मध्ये लग्न झालं आणि ही इंग्रज पोर कलकत्त्याच्या एकत्र कुटुंबात सून म्हणून आली. राज्य इंग्रजांचं, सून इंग्रज आणि नवरा इंग्रजांविरुद्ध लढायला निघालेला. तुझ्या गणातल्या फ्लेक्सपेक्षा तो पेच केवढा अवघड होता, विचार कर. असहकाराच्या चळवळीत जतींद्रमोहन चांगली चाललेली वकिली सोडून उतरले, तशी नेलीही उतरली. चितगावात दारोदार जाऊन खादी विकली. बंदी मोडून सभेत बोलल्या म्हणून स्वतःच्याच देशाच्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. 1933 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्याला भरायचं होतं, सरकारनं ते बेकायदा ठरवलं आणि नियोजित अध्यक्ष मदनमोहन मालवीय यांना वाटेतच अटक केली. तेव्हा अध्यक्षपद नेलीबाईंकडं आलं. ॲनी बेझंट आणि सरोजिनी नायडू यांच्यानंतर काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्या तिसऱ्या स्त्री. नवरा त्या वेळी सरकारच्या कैदेत होता आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रांचीला कैदेतच वारला.

यानंतर त्या इंग्लंडला परत गेल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. पण त्या राहिल्या. फाळणी झाली, चितगाव पूर्व पाकिस्तानात गेलं, तरी सासरच्या गावी राहिल्या आणि 1954 मध्ये तिथल्या विधानसभेवर बिनविरोध निवडून गेल्या. तिथल्या हिंदू अल्पसंख्याकांना ही केंब्रिजची बाई आपली वाटत होती. बांगलादेश झाल्यावर 1972 मध्ये उपचारांसाठी कलकत्त्याला आल्या, 1973 मध्ये भारत सरकारनं पद्मविभूषण दिलं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. आयुष्यभर नाव नेलीच राहिलं. केंब्रिजची आहे हे त्यांनी लपवल्याचं कुठंही वाचलेलं नाही, लपवायचं म्हटलं तरी लपण्यासारखं नव्हतं. लोकांनी त्यांना आपलं म्हटलं ते दारोदार घेऊन फिरलेल्या खादीच्या गठ्ठ्यामुळं, आणि सगळे निघून जात असताना थांबल्या म्हणून. तूही सहा वर्षं त्या बागेत काम केलंस, ते गावानं पाहिलंय. डेहराडूननं त्यात काय भर पडणार?

‘वहिनींना प्रचारात आणूच नका’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला मी एमिली शेंकल यांची गोष्ट सांगितली असती. व्हिएन्नाच्या या मुलीला 1934 मध्ये सुभाषबाबूंनी पुस्तकाच्या लेखनाला मदतनीस म्हणून नेमलं, पुढं लग्न केलं, पण ते गुप्त ठेवलं. 29 नोव्हेंबर 1942 ला मुलगी झाली. फेब्रुवारी 1943 मध्ये नेताजी पाणबुडीनं पूर्वेकडं निघाले, निघताना थोरल्या भावासाठी, शरदबाबूंसाठी, चिठ्ठी लिहून ठेवली की मी लग्न केलंय, मुलगी आहे, तिला सांभाळा. पुन्हा भेट नाही. एमिलीबाईंनी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरी करून लेक आणि म्हातारी आई सांभाळली. 1948 मध्ये शरदबाबू व्हिएन्नाला जाऊन त्यांना भेटले. 1996 मध्ये वारल्या, तोवर एकदाही भारतात आल्या नाहीत. ज्या देशासाठी नवरा गेला तो देश त्यांनी पाहिलाच नाही. काळ युद्धाचा होता, त्यांच्यापुढं दुसरी वाट कुठली होती? विट्याच्या पंचायत समितीसाठी मात्र कुणाच्या बायकोला गोठ्यामागं ठेवायची काहीच गरज नाही.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. हा भाग त्यालाच वाचायला दे.

बाबा रे, तू गप्प बसतोस असं तुझी बायको लिहिते. आफ्रिकेत आजचा बोट्स्वाना आहे, तिथल्या बामंग्वाटो जमातीच्या गादीचा वारस सेरेत्से खामा लंडनला शिकत होता. 1948 मध्ये त्यानं रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. ती लंडनमध्ये कचेरीत कारकून होती. घरचा विरोध, चुलत्याचा विरोध, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारचा विरोध. त्यांच्याकडं गावचा निवाडा ‘क्गोटला’त होतो, म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखं, सगळे पुरुष एकत्र बसतात. 1949 मध्ये सेरेत्से त्या सभेत उभा राहिला. बायको लपवली नाही, ‘तशी ती आमच्यातलीच आहे’ असली सारवासारव केली नाही. हीच माझी बायको, मी हवा असेन तर तिच्यासकट, अशी त्याची भूमिका होती. हजारो माणसं त्याच्या बाजूनं उभी राहिली. गावानं मान्य केलं आणि अडवलं कुणी, तर ब्रिटिश सरकारनं. दक्षिण आफ्रिकेला दुखवायचं नव्हतं म्हणून दोघांना 1956 पर्यंत देशाबाहेर ठेवलं. पुढं देश 1966 मध्ये स्वतंत्र झाला आणि तोच सेरेत्से पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. 1980 मध्ये तो वारल्यावर रूथ लंडनला गेली नाही, 2002 मध्ये तिथंच वारली आणि त्याच्या शेजारी तिचं दफन झालं.

तुझ्या बायकोनं काय उत्तर द्यायचं ते आत्याबाईंनी शिकवायचं नाही, कार्यकर्त्यांनीही नाही. पहिलं वाक्य तुझ्या तोंडून आलं पाहिजे, आणि तेही विरोधकांनी फ्लेक्स लावायच्या आधी. प्रचाराचा नारळ फुटेल त्या दिवशी माइक हातात आल्यावर सांग, माझी मंडळी बुटवलची, आमचं दुकान तिथं होतं, माझी सासुरवाडी नेपाळ. तुझ्या गणात असं घर शोधून काढ पाहू, ज्याचं कुणी गलाईसाठी बाहेर गेलेलं नाही. खानापूर तालुका दुष्काळानं पिचला तेव्हा तुमचे आजे-पणजे मूस आणि भट्टी घेऊन कुठं कुठं गेले. केरळात, बंगालात, पंजाबात, नेपाळात त्यांनी सोनं गाळलं आणि तिथल्या लोकांनी त्यांना परकं म्हणून हाकलून दिलं नाही. त्या कमाईवर इकडं विहिरी खोदल्या गेल्या, घरं उभी राहिली. बुटवलनं तुमच्या घराला निदान एका पिढीचं जेवण घातलंय. त्या गावाचं नाव घ्यायला लाज वाटावी असं तिथं काय घडलं?

काही मतं जातील. मी खोटा दिलासा देणार नाही. पण डेहराडूनचं बिंग फुटलं, आणि ते फुटणारच, कारण विरोधकाचाही कुणी पाहुणा बुटवलात असणार, तर जाणारी मतं याच्या कितीतरी पट असतील. आणि मग लोक ‘बायको परदेशी’ म्हणणार नाहीत, ‘माणूस खोटा’ म्हणतील.

पुन्हा तुझ्याकडं येते, लेकी. कागदपत्रांचं नीट ऐक, इथं घाई चालत नाही.

मतदार यादीत नाव घालू देऊ नकोस. कुणीही कितीही सोपं करून सांगो. मतदार फक्त भारताचा नागरिक होऊ शकतो. आधार कार्ड इथं राहणाऱ्याला मिळतं, तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. अर्जात खोटी माहिती दिली तर शिक्षा होऊ शकते, आणि ती तुला होईल, सुचवणाऱ्या कार्यकर्त्याला नाही.

प्रचाराच्या व्यासपीठावर भाषण, पक्षाचा झेंडा, घरोघरी मतं मागणं, हे नागरिक होईपर्यंत टाळ. नेपाळी नागरिक म्हणून तुला व्हिसा लागत नाही, इथं राहायचा-कामाचा हक्क 1950 च्या कराराने आहे, पण निवडणूक ही वेगळी गोष्ट. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत बांगलादेशातल्या एका नटानं पश्चिम बंगालमध्ये प्रचारात भाग घेतला, तर केंद्र सरकारनं त्याचा व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवलं. नवऱ्याच्या शेजारी बसायला, घरी आलेल्यांना चहा द्यायला कुणाची हरकत नाही. ‘आणूच नका’ म्हणणाऱ्याचं आणि माझं इथं वरवर सारखं वाटेल, पण तो तुला लपवायला सांगतोय आणि मी कायदा सांभाळायला.

नवऱ्याच्या उमेदवारी अर्जाबरोबर जे शपथपत्र जातं त्यात बायकोच्या मालमत्तेचीही माहिती द्यावी लागते. बुटवलात वडिलांनी तुझ्या नावावर काही केलं असेल, बँकेत काही असेल, तर वकिलाला आधीच सांग. डेहराडूनच्या बाईची बुटवलात जमीन कशी, या प्रश्नाला उत्तर नसतं.

नागरिकत्व हवं असेल तर भारतीयाशी लग्न झालेल्यांना नोंदणीनं मिळतं, मात्र अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. त्यातले शेवटचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. तुला गावी येऊन सहाच वर्षं झाली, म्हणजे अजून थोडी कळ काढावी लागेल, आणि शेवटच्या वर्षात माहेरी जायचे बेत जपून आखावे लागतील. तोवर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, रेशन कार्ड, दवाखान्याची जुनी कागदं, मुलांच्या शाळेच्या नोंदी, जे जे तुझं इथलं राहणं दाखवतं ते एका फाइलीत लावायला घे. अर्ज ऑनलाइन भरतात, छाननी जिल्हाधिकारी कचेरीतून होते, निर्णय केंद्राच्या गृहखात्याचा. वेळ लागतो. थोरलं मूल बुटवलात जन्मलं असेल तर वकिलाला पहिलं तेच दाखव. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत व्हावी लागते, राहिली असेल तर पुढचा मार्ग तोच सांगेल.

आणि मुख्य म्हणजे, भारताचं नागरिकत्व घेतलंस की नेपाळचं जातं. दोन ठेवता येत नाहीत. म्हणून हा अर्ज निवडणुकीपोटी करू नकोस. तुला मनापासून वाटेल तेव्हा कर, आईशी बोलून कर. नाही वाटलं तर नको करूस, त्यानं तू या घरची कमी सून ठरत नाहीस. सोनियाबाईंनी लग्नानंतर पंधरा वर्षांनी घेतलं, त्यांचं त्यांना ठाऊक. तुझं तू ठरव.

आत्याबाईंशी भांडू नकोस. त्यांनी भीतीपोटी सांगितलंय, आणि माझा अंदाज आहे, त्या स्वतः लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनाही कुणीतरी काहीतरी लपवायला सांगितलं असणार. एखाद्या दुपारी त्यांना त्यांचं माहेर विचार. आपल्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून ओळखायची जुनी रीत आहे. लेंगऱ्याची, माहुलीची, आळसंदची, बलवडीची. तुझ्या आळीतल्या सगळ्या बायका अशाच कुठून कुठून आल्यात, त्या गावात जन्मलेली सून एकही सापडायची नाही. त्या रांगेत बुटवलची शोभून दिसेल. फक्त अंतर जास्त आहे, हे मी विसरत नाही. लेंगऱ्याची पंचमीला सकाळच्या एसटीनं माहेरी जाऊन झोका खेळते. तुला गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सुनौलीची कमान, तेव्हा कुठं तुमचं ते माइत दिसतं. ‘माइत’ हा तुमचा शब्द मी तुझ्या पत्रातच शिकले. आमचं माहेर आणि तुमचं माइत, कानाला तरी सख्ख्या बहिणी वाटतात.

तुझ्या पत्रात तीजेचं लिहिलं आहेस. आदल्या रात्री आई ‘दर’, म्हणजे उपासाआधीचं जेवण, वाढायची, दुसऱ्या दिवशी लाल साडी नेसून उपास. अगं, त्याच तिथीला आमची हरतालिका असते. भाद्रपद शुद्ध तृतीया. आणि दशैंला तुम्ही जमरा कानावर खोवता, इकडं घटातलं उगवलेलं धान दसऱ्याला टोपीत खोवतात. या वर्षी घट बसतील तेव्हा तुझाही एक जमरा पेर आणि मुलांना त्याला काय म्हणतात ते सांग. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका येतील, निवडणूक असली तर जास्तच येतील. त्यांना तिळगुळाबरोबर तुमची तांदळाची सेल रोटी दे. कुठली म्हणून विचारतील. तेव्हा सांग.

आणि आईचा फोन सोप्यात बसून घे. मुलांना शेजारी बसव. त्यांना तुमच्या भाषेत पाणी मागता आलं पाहिजे.

पुढचं पत्र पाठवशील तेव्हा सेल रोटीत तांदूळ किती वेळ भिजवायचे ते लिही, मला करून बघायचीय. पाकिटावर पाठवणारीचं नाव तुला हवं ते लिही, टपाल मला पोचतं.